होल्ड, ग्रिप, पझेशन: धरण्याच्या शब्दांनी वऱ्हाडात काय केलं?

लोहाऱ्याहून, म्हणजे आपल्या यवतमाळच्या शेजारून, आजचा एपिसोड. ज्यांना कानात इअरफोन घालून तास-दीड तास बसणं जमत नाही त्यांच्यासाठी हा लेखी मजकूर. बोललोय तसाच ठेवलाय, फक्त मधले "अं… म्हणजे…" काढून टाकलेत.

आजचा विषय वरवर पाहिला तर इंग्रजीच्या तासाचा वाटेल. हातात काहीतरी धरणं यासाठी इंग्रजीत किती शब्द आहेत बघा: होल्ड, ग्रिप, ग्रास्प, क्लच, क्लास्प, ग्रॅब, सीझ. शाळेत आपल्याला सगळ्यांचा अर्थ एकच सांगितला, "पकडणे". पेपरात दोन मार्क मिळाले, विषय संपला. पण याच शब्दांची कायद्यातली भावंडं आहेत, पझेशन, ऑक्युपन्सी, टेन्युअर. ती वऱ्हाडात आली, आपल्या वावराच्या कागदावर बसली आणि त्यांनी ठरवलं की वावर कुणाचं. तुमच्या फोनवर सातबारा उघडलात ना, की त्यात हा सगळा इतिहास दिसतो. तिथपर्यंत जाऊ. सुरुवात हातापासून करू.

हात एक, पकडी सात

होल्ड हा सगळ्यात साधा शब्द. जोर किती, घाई किती, भीती आहे का, काहीच सांगत नाही. कप होल्ड करा, बाळाला होल्ड करा, कॉल होल्ड करा. वस्तू पडत नाहीये, तुमच्यापाशी आहे, एवढंच.

ग्रिप मध्ये जोर आला. बाइकचं हँडल तुम्ही होल्ड करत नाही, ग्रिप करता. क्रिकेटची बॅट, कुऱ्हाडीचा दांडा, पावसात छत्री. टायरची ग्रिप गेली म्हणतो तेव्हाही अर्थ तोच, घसरू न देणारी पकड.

ग्रास्प मध्ये हात पुढे जाऊन वस्तूला पूर्ण वेढतो. म्हणूनच समजण्यालाही ग्रास्प म्हणतात. मराठीतही गंमत तीच आहे, आपण "आकलन" म्हणतो, "मुद्दा पकडला" म्हणतो. डोक्याला हात फुटतात जणू.

क्लच म्हणजे भीतीने किंवा गरजेने आवळून धरणं. गर्दीच्या एसटीत बाई पर्स छातीशी धरते ते क्लच. जुन्या इंग्रजीत या शब्दाचा अर्थ बोटं वाकवून आवळणं असा होता. गाडीचा क्लच सुद्धा तेच करतो, इंजिन आणि चाकं यांना एकमेकांशी घट्ट धरतो किंवा सोडतो. तुम्ही लिव्हर दाबता तेव्हा तो सोडतो, हे लक्षात घ्या.

क्लास्प म्हणजे दोन बाजू एकमेकींत अडकणं. मंगळसूत्राचा फासा, घड्याळाच्या पट्ट्याचं बक्कल, दोन हातांची गुंफण. ग्रॅब म्हणजे झडप. आणि सीझ? सीझ म्हणजे जोराने, बहुतेक वेळा अधिकाराने हिसकावणं. पोलिसांनी ट्रक सीझ केला, बँकेने ट्रॅक्टर सीझ केला. आपल्याकडे त्याला जप्ती म्हणतात.

आता सीझचं मूळ ऐका. हा शब्द इंग्रजीत जुन्या फ्रेंचमधून आला आणि तो जमिनीच्या कायद्याचा शब्द होता. सरंजामशाहीच्या काळात एखाद्याला जमिनीचा कबजा देणं म्हणजे त्याला सीझ करणं. म्हणजे आधी अर्थ होता "ताब्यात देणं", नंतर झाला "ताब्यात घेणं". हातातली वस्तू आणि पायाखालची जमीन, दोन्हींचे शब्द असे एकमेकांत मिसळलेले आहेत.

मराठी कुठे बघते?

बरं, मराठी गरीब आहे का या बाबतीत? अजिबात नाही. फक्त ती वेगळ्या जागी बघते.

इंग्रजी क्रियापद बदलतं: जोर किती, हेतू काय, घाई किती. मराठी बहुतेक वेळा "धरणे" किंवा "घेणे" यावरच काम भागवते आणि कुठे धरलं ते सांगते. चिमटीत, मुठीत, पशात, ओंजळीत, कवेत, काखेत, कडेवर, पदरात, ओच्यात. चिमूटभर मीठ, मूठभर दाणे, पसाभर तांदूळ, ओंजळभर पाणी. हात हेच आपलं माप होतं. आणि जिथे भावना आहे तिथे आपण खास क्रियापद काढतोच: कवटाळणे, बिलगणे, आवळणे. इंग्रजीचा क्लच हवा असेल तर "उराशी कवटाळणे" अगदी जवळचं आहे.

हत्यारंही बघा. गावाच्या नावात लोहार असलेल्या ठिकाणी बसून बोलतोय, तर सांडशी, चिमटा, पक्कड यांना विसरून कसं चालेल? तापलेलं लोखंड हातात धरता येत नाही, म्हणून माणसाने हाताच्या पुढे लोखंडाचा हात लावला. पक्कड तर थेट पकडणंच, नावासकट.

"धरणे" या एका क्रियापदाचा पसारा केवढा आहे! पाणी धरतं ते धरण. आपल्याला धरून ठेवते ती धरणी. आधार, धारणा, धारक, सगळे संस्कृत "धृ" धातूचे. पूर्वी पैसे बुडवणाऱ्याच्या दारात सावकार उपाशी बसून राहायचा, त्याला म्हणायचे धरणं धरणं. आज कलेक्टर ऑफिससमोर बसतो तेही धरणं. हा शब्द इंग्रजी डिक्शनऱ्यांमध्येही जाऊन बसलाय.

आणि माझी सगळ्यात आवडती गोष्ट. होल्ड हा शब्द जुन्या जर्मानिक भाषांमधून आला. त्यांतल्या गॉथिक भाषेत त्याच्या भावंडाचा अर्थ होता गुरं चारणं, गुरं राखणं. म्हणजे होल्डचा जुना अर्थ मुठीशी नाही, लक्ष ठेवण्याशी जोडलेला आहे! आता मराठीत बघा: गुरं राखणारा तो गुराखी. शेत राखणारा तो राखणदार. आणि एखादी गोष्ट स्वतःपाशी ठेवणं म्हणजेही "राखून ठेवणं". हजारो किलोमीटर दूरच्या भाषेत आणि आपल्या भाषेत राखणं आणि स्वतःपाशी ठेवणं शेजारी शेजारी बसलेत. हे डोक्यात ठेवा, शेवटी लागेल.

दोन साहेब आणि एक डिक्शनरी

इंग्रजी आणि मराठीची ही गाठ कागदावर पहिल्यांदा नीट कुणी मारली? जेम्स मोल्सवर्थ आणि जॉर्ज व थॉमस हे कँडी बंधू. मोल्सवर्थ कंपनीच्या फौजेतला अधिकारी. मराठी पंडितांना सोबत घेऊन या मंडळींनी मराठी-इंग्रजी कोश केला, तो १८३१ मध्ये छापला गेला. १८५७ मध्ये दुसरी आवृत्ती आली, सुमारे ६०,००० शब्दांची. आजही मराठीवर काम करणारा माणूस "मोल्सवर्थ बघ" असंच म्हणतो, आणि आता तो कोश फोनवरही उघडतो. उलट बाजूचा, म्हणजे इंग्रजी-मराठी कोश १८४७ मध्ये थॉमस कँडीने पूर्ण केला. मराठीत स्वल्पविराम, पूर्णविराम रुजवण्यातही या कँडीचा मोठा वाटा आहे.

हे कोश का झाले? साहित्याची आवड होती, मिशनरी कामही होतं, पण राज्य चालवायचं होतं हे मोठं कारण. कोर्टात, कचेरीत, मोजणीच्या तंबूत बोलणारा माणूस "माझं वावर" म्हणतो तेव्हा त्याचा अर्थ ओन आहे, होल्ड आहे, ऑक्युपाय आहे की नुसतं कल्टिवेट आहे, हे साहेबाला कळायला हवं होतं. कारण त्यावर सारा कोण भरणार ते ठरत होतं.

अख्खा वऱ्हाडच "होल्ड"वर

आता आपल्याकडे या. १८५३ साली हैदराबादच्या निजामाने वऱ्हाड इंग्रजांकडे दिला. का? हैदराबाद कॉन्टिंजंट नावाची फौज होती, तिचा खर्च निजामावर, आणि त्याची थकबाकी डोक्यावर बसलेली. त्या खर्चापोटी वऱ्हाडचा महसूल इंग्रजांनी घ्यायचा असं ठरलं. पण शब्द काय वापरला? विकला नाही, जिंकला नाही. "असाइन" केला. सरकारी कागदावर आपल्या भागाचं नावच पडलं, हैदराबाद असाइन्ड डिस्ट्रिक्ट्स. १८६० च्या तहात भाषा आणखी मऊ झाली: इंग्रज वऱ्हाड "ट्रस्ट"मध्ये, म्हणजे विश्वासाने सांभाळणार. १९०२ मध्ये लॉर्ड कर्झनने नवा करार केला: वऱ्हाड कायमच्या लीजवर, वर्षाला २५ लाख रुपये निजामाला भाडं. पुढच्याच वर्षी वऱ्हाड मध्य प्रांताला जोडून टाकला.

म्हणजे बघा, मालक निजाम, कारभार इंग्रजांचा, आणि दोघांच्या मधे असाइन, ट्रस्ट, लीज असे तीन शब्द. १९२० च्या दशकात सातवा निजाम मीर उस्मान अली खान याने वऱ्हाड परत मागितला, तेव्हा व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंगने १९२६ मध्ये कडक पत्र लिहून दार बंद केलं. १९३६ मध्ये समजूत म्हणून निजामाच्या वारसाला "प्रिन्स ऑफ बेरार" हा किताब मिळाला. मुलूख नाही, किताब! मराठीत आपण याला दोन ओळींत मिटवलं असतं: ज्याच्या हाती ससा तो पारधी.

आपला जिल्हाही याच काळात घडला. आधी तो वणी, म्हणजे इंग्रजांच्या उच्चारात "वून" जिल्हा होता. १९०५ मध्ये पुसद जोडलं आणि नाव यवतमाळ झालं.

आणि याचंच छोटं मॉडेल आपल्या दारातून धावत होतं: शकुंतला. यवतमाळ ते मूर्तिजापूर, ११३ किलोमीटरची नॅरोगेज, कापूस वाहून नेण्यासाठी बांधलेली. स्वातंत्र्यानंतर देशभरच्या रेल्वे सरकारी झाल्या, पण हा मार्ग खासगी कंपनीच्या मालकीचाच राहिला. गाडी चालवायची भारतीय रेल्वेने, रूळ कंपनीचे. १९९४ पर्यंत वाफेचं इंजिन होतं. आपले आजोबा ज्या गाडीला "आपली शकुंतला" म्हणायचे, तिचे रूळ कागदोपत्री दुसऱ्याच कुणाचे होते.

वर्धा नदीच्या दोन काठांवर दोन शब्द

मुलूख होल्ड झाला, आता वावराकडे येऊ. वऱ्हाडात इंग्रजांनी मुंबई इलाख्यासारखी रयतवारी आणली. १८६० च्या दशकापासून मोजणी सुरू झाली, सर्व्हे नंबर पडले, प्रत्येक शेताचा सारा ठरला. वर्धा नदी ओलांडून पलीकडे गेलात, वर्धा किंवा चंद्रपूरकडे, की तिथे मालगुजारी होती. तिकडे गावाचा मालगुजार हा "प्रोप्रायटर", म्हणजे मालक म्हणून नोंदला गेला आणि कसणारे त्याच्या हाताखाली. इकडे, आपल्या काठावर, कसणाऱ्याचं नाव थेट सरकारी वहीत आलं. मधे मालक नाही.

ऐकायला भारी वाटतं ना? पण त्या वहीत त्याच्यासमोर "ओनर" हा शब्द नव्हता. शब्द होता "ऑक्युपन्ट". १८९६ चा बेरार लँड रेव्हेन्यू कोड असो की मुंबईचा १८७९ चा, विचार हाच: जमीन शेवटी सरकारची, रयत सारा भरते तोवर ती धरून ठेवेल. विकू शकेल, गहाण टाकू शकेल, वारसाला देऊ शकेल. सोडायची असेल तर लिहून द्यायचं, त्या कागदाचं नाव राजीनामा. आणि जो नव्याने घेतो त्याने लिहून द्यायची कबुलायत. पुण्या-बंगळुरूत आपण दर दोन वर्षांनी जो राजीनामा मेल करतो ना, तो शब्द शेतकरी शेत सोडताना लिहून देत होता.

यवतमाळ जिल्ह्यात काही गावांच्या नावापुढे आजही "इजारा" लागतो. तोही धरण्याचाच प्रकार. पडीक, जंगली जमीन ठरावीक मुदतीने आणि ठरलेल्या रकमेवर कुणाला तरी लावून द्यायची आणि वस्ती करवायची. मुदत संपली, कायदे बदलले, पण नाव गावाला चिकटून राहिलं.

ऑक्युपन्सी विकता येते, गहाण टाकता येते, हे कळल्यावर सावकार आलाच. आणि इथे मराठीने जो बारकावा दाखवला तो मला कुठल्याही इंग्रजी शब्दापेक्षा भारी वाटतो. गहाण दोन प्रकारचं: ताबेगहाण आणि नजरगहाण. ताबेगहाणात वावर सावकाराच्या ताब्यात, तोच पीक खाणार. नजरगहाणात वावर तुमच्यापाशी, पण सावकाराची नजर त्यावर. हात नाही, नुसती नजर! तुमच्या बाइकच्या आरसीवर "हायपोथिकेशन" लिहिलंय का बघा. गाडी तुम्ही चालवता, बँक नजर ठेवून आहे. दीडशे वर्षांपूर्वीच्या वऱ्हाडी शेतकऱ्याला ईएमआय समजावून सांगायला दोन मिनिटं लागली नसती.

हात न लावता धरता येतं

आता कायद्यातल्या होल्डकडे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ ची. तिच्यात व्याख्यांचं कलम आहे, आणि त्यात जमीन "होल्ड" करणं, मराठीत "धारण करणं", याची व्याख्या दिली आहे. साध्या शब्दांत सांगायचं तर: जमिनीचा कायदेशीर कबजा असणं, मग तो कबजा प्रत्यक्ष असो किंवा नसो.

परत वाचा. प्रत्यक्ष असो किंवा नसो. म्हणजे तुम्ही पुण्यात हिंजवडीला बसून लोहाऱ्याजवळचं वावर होल्ड करू शकता. पाय न ठेवता. मग प्रत्यक्ष कबजा असलेल्याला काय म्हणायचं? ज्या धारकाचा प्रत्यक्ष कबजा आहे आणि जो कूळ किंवा सरकारी पट्टेदार नाही तो ऑक्युपन्ट, म्हणजे भोगवटादार.

शब्दांची मुळं बघितली की हा फरक लक्षात राहतो. पझेस हा लॅटिन शब्द आहे, त्यात "बसणं" आहे, मालकासारखं ठाण मांडून बसणं. ऑक्युपायमध्ये "पकडून घेणं" आहे. टेनन्ट आणि टेन्युअर हे लॅटिन "टेनेरे"वरून, म्हणजे धरणं. लेफ्टनंट सुद्धा त्याच घरातला, दुसऱ्याची जागा धरून ठेवणारा. मेन्टेनमध्ये हात आणि धरणं दोन्ही आहेत. एवढंच काय, टेनिस हा शब्दही "घ्या, धरा!" या फ्रेंच हाकेतून आला असं मानतात.

आपल्याकडचा कबजा अरबीतून आला, त्यात मूठ आवळणं आहे. त्याच मुळापासून बद्धकोष्ठालाही हिंदीत "कब्ज" म्हणतात. पोट सोडत नाही! ताबा म्हणजे अधीन असणं. वहिवाट म्हणजे वर्षानुवर्षं वापरत असणं. आणि भोगवटा? भोग. मराठीत भोग म्हणजे उपभोगही आणि वाट्याला आलेलं दुःखही. कापसाचा भाव पडलेल्या वर्षी "भोगवटादार" हा शब्द किती खरा आहे, ते मी सांगायला नको.

पझेशन आणि मालकी वेगळी, याचं अजून एक झकास उदाहरण. १८६० च्या इंडियन पीनल कोडमध्ये चोरी म्हणजे वस्तू दुसऱ्याच्या कबजातून त्याच्या संमतीशिवाय, अप्रामाणिक हेतूने हलवणं. मालकीतून नाही, कबजातून! कायद्यातच उदाहरण दिलेलं होतं: दुरुस्तीला दिलेलं घड्याळ, मजुरीचे पैसे बाकी, म्हणून कारागिराने ते रीतसर अडकवून ठेवलं. पैसे बुडवायच्या हेतूने मालकाने ते गुपचूप उचलून नेलं, तर ती चोरी. स्वतःच्याच घड्याळाची! आज घड्याळाच्या जागी फोन ठेवा आणि दुरुस्तीवाल्याचं बिल आधी भरा.

माझ्यासारखे कोड लिहिणारे असतील त्यांना हे ओळखीचं वाटेल. रस्ट भाषेत प्रत्येक व्हॅल्यूचा एकच ओनर असतो, बाकीचे बॉरो करतात. कोण बदलू शकतो, कोण फक्त बघू शकतो, हे कंपायलर आधीच तपासतो. जमिनीच्या बाबतीत मात्र तपासणारा कंपायलर म्हणजे तलाठी, तहसीलदार आणि कोर्ट. आणि चूक सापडायला कधी कधी दोन पिढ्या जातात.

वहीत कोण, वावरात कोण?

आता मुद्द्यावर येतो. शब्दांचे बारकावे मजेचे आहेत, पण पोट त्यावर अवलंबून आहे.

सातबारा म्हणजे दोन नमुने एकत्र. सात नंबरमध्ये हक्क कुणाचा, बारा नंबरमध्ये पीक कोणतं. एक धरण्याचा कागद, दुसरा कसण्याचा. सात नंबरवर "भोगवटादार वर्ग १" असेल तर साधारणपणे विकायला मोकळीक. "वर्ग २" असेल तर हस्तांतरावर बंधनं, परवानगी लागते. भूदानात मिळालेली जमीन, सरकारने दिलेली जमीन, अशा बऱ्याच जमिनी वर्ग २ मध्ये असतात. वावर तेच, काळी माती तीच, पकड वेगळी.

कसणाऱ्याला मालक करण्याचा प्रयत्न झाला नाही असं नाही. विदर्भासाठी १९५८ चा स्वतंत्र कूळ कायदा आला आणि त्यानुसार १ एप्रिल १९६१ पासून पात्र कुळांकडे मालकी जायची होती. "कसेल त्याची जमीन" या घोषणेचा तो कायदा. १९६१ मध्येच कमाल जमीन धारणा कायदाही आला. नावातच बघा, "धारणा": एका कुटुंबाने किती धरायचं याची मर्यादा. जास्तीची जमीन सरकारने घेऊन भूमिहीनांना द्यायची.

पण कायद्याचा एक परिणाम असाही झाला की जमीन लावून देणारे कागद करायला घाबरू लागले. कागद केला आणि कूळ लागलं तर? म्हणून आज आपल्याकडे मक्त्याने, ठेक्याने, बटईने होणारी बरीचशी शेती तोंडी असते. उन्हात राबतो एक, सातबारावर दुसरा. गारपीट झाली, नुकसानभरपाई आली, पैसे जातात कुणाच्या खात्यात? नाव असलेल्याच्या. पीककर्ज कुणाला? नाव असलेल्याला. ज्याच्या हातात विळा आहे तो ऑक्युपन्ट नाही, होल्डर नाही, ओनर नाही. त्याच्यासाठी वहीत शब्दच नाही.

दुसरी गोष्ट बाईची. पऱ्हाटी निंदायला, कापूस वेचायला हात बायकांचे, पण सातबारावर नाव क्वचितच. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने १९८९-९० च्या सुमाराला लक्ष्मीमुक्ती कार्यक्रम काढला: नवऱ्याने जमिनीचा काही भाग स्वतःहून बायकोच्या नावे करायचा. त्या काळात हे बोलणंसुद्धा धाडसाचं होतं. आपला जिल्हा शेतकरी आत्महत्यांसाठी देशभर ओळखला गेला, आणि मागे राहिलेल्या बाईला पहिला प्रश्न विचारला गेला तो हाच: जमीन कुणाच्या नावावर आहे? वारसनोंद व्हायची असेल तर कर्ज अडतं, योजना अडते, सगळंच अडतं.

तिसरी गोष्ट जंगलाकडेच्या पोडांची. यवतमाळ जिल्ह्यात कोलाम आणि गोंड समाज पिढ्यानपिढ्या जंगलाला लागून शेती करतो. मोजणीच्या वहीत ते जंगल सरकारचं, म्हणून त्यांची शेती ठरली "अतिक्रमण". म्हणजे इंग्रजीत सांगायचं तर त्यांनी ग्रॅब केलं. २००६ च्या वनहक्क कायद्याने तो शब्द बदलला. कायद्यात पहिला हक्क कोणता लिहिलाय माहितीये? वनजमीन "होल्ड" करून तिच्यावर राहण्याचा, कसण्याचा. १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून ताबा हवा, जास्तीत जास्त चार हेक्टर, नवरा-बायको दोघांच्या नावे नोंद, मुलांकडे वारसाने जाणार, पण विकता येणार नाही.

विकता येणार नाही. म्हणजे ओन नाही, होल्डच. काही जणांना ही उणीव वाटते, कारण बाजारात किंमत नाही. काहींना हेच संरक्षण वाटतं, कारण सावकाराच्या हातात जाणार नाही. मला विचाराल तर मला इथे गॉथिक गुराखी आठवतो. हा होल्ड मुठीचा नाही, राखणदारीचा आहे. मात्र राखणाऱ्यालाही घर बांधायला, विहीर खोदायला कर्ज लागतं, आणि त्याच्या पट्ट्याकडे बँक आपल्या सातबाराकडे बघते तशी बघते का, हा प्रश्न उरतोच.

तर काय करायचं?

सावकाराने बेकायदा धरून ठेवलेली जमीन परत मिळवायची वाट २०१४ च्या सावकारी नियमन कायद्यात आहे, जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करता येतो. हे सांगून ठेवतो, कारण बऱ्याच घरांत "सावकाराकडे गेलं ते गेलं" असं धरून चालतात.

आणि आपल्या पिढीच्या हातात एक गोष्ट नव्याने आली आहे. १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी राज्यभर सुरू झाली. बारा नंबरमधली पिकाची नोंद शेतकरी स्वतः फोनवरून, वावरात उभं राहून, फोटोसकट करू शकतो. इतकी वर्षं ही वही दुसऱ्याच्या हातात होती. घरात फोन चांगला चालवता येणारं माणूस बहुतेक वेळा तुम्हीच असता, तर हे काम तुमचं.

म्हणून या रविवारी एवढं करा. घरच्या वावराचा सातबारा फोनवर उघडा आणि तीन शब्द शोधा. भोगवटादार वर्ग कोणता? भोगवटादारात नावं कुणाकुणाची, आणि वारलेल्या माणसाचं नाव अजून तसंच आहे का? इतर हक्कात बोजा कुणाचा, म्हणजे नजरगहाण कुणाची? मग आई, काकू, आत्या यांचं नाव कुठे आहे ते बघा. नसेल तर का नाही, हे घरातल्या मोठ्या माणसांना शांतपणे विचारा. भांडायचं नाही, विचारायचं.

तुमच्याकडे धरण्या-पकडण्याचा एखादा खास वऱ्हाडी शब्द असेल, किंवा जुना इजारा, मक्ता, कबुलायत असा कागद घरात पडून असेल, तर व्हॉइस नोट पाठवा. कागदाचा फोटो पाठवताना गट नंबर आणि नावं झाका. पुढच्या एपिसोडमध्ये राजीनामा आणि कबुलायत या जोडीवर सविस्तर बोलू. तोवर, राखा स्वतःला. भेटूया.